गोव्यात नवे आहात? खिडकीपलीकडचे शब्द ओळखायची रीत

सिंधुदुर्ग, बेळगाव, कोल्हापूरकडून गोव्यात राहायला आलेल्या मराठी माणसाची सुरुवातीला एक सोयीची समजूत असते: इथे सगळ्यांना मराठी कळतं, तेव्हा भाषेची चिंता नाही. बाजारहाटापुरतं ते खरं आहे. देवळातला फलक मराठीत असतो, सकाळचं वर्तमानपत्र मराठीत मिळतं, शेजारीण कोकणीत बोलली तरी आशय पोचतो. गाडं अडतं ते मामलतदार कचेरीच्या खिडकीशी, सब-रजिस्ट्रारच्या बाकावर किंवा बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत. खिडकीतल्या माणसाला तुमचं मराठी कळतं, तुम्हाला त्याचं कोकणी कळतं, आणि तरी दोघं दोन वेगळ्या कागदांबद्दल बोलत असतात.

कारण उघड आहे. १९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगीज अंमल संपला, पण घर, लग्न, वारसा यांचे त्या काळातले कायदे आणि त्यांचे शब्द मागे राहिले. वरून १९६८ची जमीन महसूल संहिता आली, ती महाराष्ट्राच्या माणसाला ओळखीचे वाटतील असे शब्द घेऊन. १९८७च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. प्रत्यक्षात कागद बहुधा इंग्रजीत निघतो, त्यावर चर्चा कोकणीत होते आणि तुम्हाला समजावताना कारकून मराठीत येतो. या फेऱ्यात शब्द बदलतो.

मी म्हापशाला वकिलाच्या कचेरीत कागदपत्रं बघते. त्यामुळे खाली जमिनीचं जास्त आणि बाकीचं कमी येईल. विभागणी पक्षपाती आहे खरी, पण नव्या माणसाचे सर्वांत जास्त पैसे अडकतात तेही जमिनीतच.

पहिली पायरी: सोबत आणलेले शब्द वेगळे काढा

महाराष्ट्रातून येताना जे शब्द सवयीने तोंडात असतात त्यांतले निम्मे इथे चालत नाहीत, आणि चालत नाहीत हे कुणी सांगतही नाही. तुम्ही 'सात-बारा द्या' म्हणालात तर खिडकीतला माणूस समजून घेईल आणि 'एक-चौदा' देईल. इथे उताऱ्याचा नमुना एक आणि चौदा असा आहे. 'जमीन एनए (बिगरशेती) आहे का' हा प्रश्न दलालाला विचारलात तर तो 'हो' म्हणेल. गोव्यात विचारायचं ते 'सनद (बिगरशेती वापराची परवानगी) झाली आहे का', आणि झाली असेल तर सनदेची प्रत मागायची, कारण सनद संपूर्ण सर्व्हे नंबरची नसून त्यातल्या काही चौरस मीटरांपुरतीच असू शकते. तोंडी 'हो'मध्ये ही गोष्ट कधीच सांगितली जात नाही.

तहसीलदार इथे मामलतदार. ग्रामसेवक इथे पंचायत सचिव. शहरातलं प्रॉपर्टी कार्ड इथे 'फॉर्म डी'. बांधकामात एफएसआय म्हणालात तर आर्किटेक्ट 'एफएआर' म्हणेल. कल्पना तीच, भूखंडाच्या मानाने किती बांधता येतं त्याची, पण इथे ती टक्क्यांत सांगतात, त्यामुळे 'साठ' ऐकून दचकू नका. गुंठा कुणी बोलत नाही. भूखंड चौरस मीटरमध्ये सांगतात. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरच्या आसपास, एवढं मनात धरलंत की भाव ऐकताना गडबड होत नाही. पंचायत समिती शोधत बसू नका. गोव्यात ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत असे दोनच थर आहेत.

दुसरी पायरी: 'म्हणजे काय' विचारू नका

नवा शब्द कानावर पडला की आपण 'म्हणजे काय?' विचारतो. त्यावर समोरचा माणूस तितकाच अवघड दुसरा शब्द देतो. त्यात त्याचा दोष नाही. रोज तो शब्द वापरणाऱ्याला अर्थ सांगता येतोच असं नाही. उपयोग मात्र नक्की सांगता येतो. म्हणून विचारायचं असं: हा कागद कोण देतं? याने काय ठरतं? तो पुढे कुठे दाखवायचा?

'रहिवासी दाखला' घ्या. नवा माणूस समजतो की हा पत्त्याचा पुरावा. पंचायत देते तो दाखला साधारण त्याच कामाचा असतो. पण सरकारी नोकरीच्या जाहिरातीत मागितलेला रहिवासी दाखला मामलतदार देतो, आणि तो गोव्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्यासाठी असतो. नाव एक, कागद दोन. अर्थ विचारून हा फरक कळला नसता. 'कोण देतं' म्हटल्याबरोबर कळतो.

दुसरं उदाहरण 'तेओर'. जुन्या गोमंतकीय कुटुंबाचा जन्म किंवा लग्नाचा कागद लागला की कुणीतरी म्हणतं, 'साधा नको, तेओर आणा.' मूळ नोंदवहीत जे लिहिलं आहे त्याची शब्दशः पूर्ण नक्कल, ती तेओर. ती सिव्हिल रजिस्ट्रारकडून निघते. गोव्यातल्या मुलीशी किंवा मुलाशी लग्न ठरलं, किंवा वकिलाकडे नोकरी लागली, तर हा शब्द पहिल्याच महिन्यात भेटेल.

तिसरी पायरी: एक-चौदा खालून वर वाचा

हा एक कागद नीट वाचता आला तर गोव्याच्या कारभाराची अर्धी बोली आली असं मी मानते. एका पानावर पोर्तुगीज, कोकणी, मराठी आणि इंग्रजी असे चारही थर दिसतात. भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे नंबर घालून तो बघता येतो. ज्या घरात भाड्याने राहता त्याच जागेचा काढा, सरावाला बरा.

वरती तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग. मग शेताचं नाव. प्रत्येक तुकड्याला नाव असतं, आणि जुन्या दस्तात जमीन नंबरापेक्षा त्या नावानेच ओळखलेली असते. दस्तातलं नाव आणि उताऱ्यातलं नाव जुळत नसेल तर ती शंका वकिलापर्यंत न्या. पुढे क्षेत्र: हेक्टर, आर, चौरस मीटर. कोरडवाहू, बागायत, भात हे रकाने तुम्ही ओळखालच. त्यांच्या शेजारी तीन वेगळे आहेत: खाजन, केर, मोरड.

खाजन म्हणजे खाडीच्या भरती-ओहोटीच्या पातळीवरची जमीन. बांध घालून खारं पाणी अडवलेलं असतं, आणि 'मानस' नावाच्या दारातून पाणी आत-बाहेर सोडतात. केर त्याहून थोडी वर, रेताड. मोरड चढावरची, पावसावर अवलंबून. खाजनाच्या रकान्यात आकडा असेल तर घर बांधायचा विचार तिथेच सोडा. दलाल तिला 'नदीकाठचा प्लॉट' म्हणतो. किनारपट्टी नियमनात खाजनांना खास संरक्षण आहे, आणि ते नसतं तरी तिथे घर बांधणं म्हणजे बांध फुटायची वाट बघत बसणं.

त्यानंतर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, आणि मग आकार, फोर, प्रेदियाल, रेंट असे रकाने. आकार म्हणजे महसूल. फोर आणि प्रेदियाल ही पोर्तुगीज काळाची निशाणी: फोर म्हणजे दीर्घ मुदतीने दिलेल्या जमिनीवरचा वार्षिक खंड, प्रेदियाल म्हणजे स्थावरावरचा जुना कर. बहुतेक उताऱ्यांवर इथे शून्य दिसतं. फोरच्या खाली आकडा असेल तर जमीन मुळात दुसऱ्या कुणाची, बहुधा कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची), होती का हे शोधायचं.

आता महत्त्वाचं. नवा माणूस 'कब्जेदार' या रकान्यात विकणाऱ्याचं नाव बघतो आणि निश्चिंत होतो. मी आमच्याकडे येणाऱ्यांना उलट सांगते: आधी शेवटचे रकाने बघा. 'कूळ' रिकामं आहे का? 'इतर हक्क' रिकामे आहेत का? कुळाचं नाव असेल तर १९६४चा कूळ कायदा आणि त्याची पुढची दुरुस्ती लागू होते. १९७६च्या 'कसणाऱ्याच्या दिवसा'पासून कसणारा मालक मानला गेला. अशी जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरायला १९९१च्या कायद्याने बंदी आहे. 'इतर हक्क'मध्ये एखादं नाव आणि पुढे घर किंवा मुंडकार (मालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारा) असं लिहिलेलं असेल, तर त्या जागेत राहणाऱ्या कुटुंबाला हटवता येत नाही. त्यांना १९७५च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण आहे. हे सगळं बघून मग वर कब्जेदाराकडे या. तिथलं नावही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, इतकंच तिचं वजन. मालकी दस्तांवरून आणि वारसाच्या कागदांवरून ठरते.

पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को अशा शहरांत सर्व्हे नंबराऐवजी 'चलता नंबर' आणि 'पी. टी. शीट नंबर' असतो. दोन्ही मिळून एक पत्ता होतो. एकच सांगितला तर फॉर्म डी निघत नाही.

चौथी पायरी: माणसांची नावं

गोव्यात जमिनीशी माणसाचं नातं सांगणारे शब्द आडनावासारखे वापरले जातात, त्यामुळे नवख्याला ते जात किंवा धंदा वाटतात. 'भाट' ऐकून स्तुतिपाठक आठवला असेल तर विसरा. इथे भाट म्हणजे नारळाची, फळझाडांची जमीन, आणि तिचा धनी तो भाटकार. त्याच्या संमतीने त्याच्या भाटात घर करून राहणारा तो मुंडकार. शेत कसणारा तो कूळ. एकच माणूस एका तुकड्याचा कूळ आणि दुसऱ्याचा मुंडकार असू शकतो. दोन्हींसाठी कायदे वेगळे आणि हक्कही वेगळे, म्हणून कुणी 'तो आमचा मुंडकार' म्हणाला की 'घराचा की शेताचा?' असं विचारायला लाजू नका.

कोमुनिदाद म्हणजे पंचायत नव्हे. नवे लोक इथे हमखास घोटाळतात, कारण दोन्ही गावाच्या आणि दोन्हींची कचेरी गावात. कोमुनिदाद ही गावाच्या सामाईक जमिनीची, मूळ घराण्यांची संस्था. तिचे सभासद ते गांवकार, आणि त्यांना मिळणारा नफ्यातला वाटा ती 'जोण'. तिने दीर्घ मुदतीने दिलेली जमीन 'आफोरामेंत'ची. तिच्यावर सरकारने नेमलेला प्रशासक असतो. पंचायतीने घराला नंबर दिला, घरपट्टी घेतली, म्हणून कोमुनिदादीच्या जमिनीवरचं घर कायदेशीर होत नाही. घरपट्टीची पावती दाखवून विकायला निघालेली घरं तुम्हाला बघायला मिळतील. तेव्हा एक-चौदाचा कब्जेदार बघा.

'महाजन' म्हणजे देवस्थानच्या कारभारात नोंद असलेल्या घराण्यांचा सभासद. श्रीमंतीशी त्याचा संबंध नाही. देवस्थानांचा प्रशासक म्हणून मामलतदारच काम बघतो, म्हणून देवळाच्या वादाची नोटीस मामलतदार कचेरीतून आली तर चकित होऊ नका. आणि 'पंच'. महाराष्ट्रात आपण 'ग्रामपंचायत सदस्य' म्हणतो, इथे निवडून आलेला प्रत्येक सदस्य पंच. पोलीस चौकीत मात्र पंच म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार. 'पंचाला घेऊन या' हे वाक्य कोण म्हणतो यावर कुणाला न्यायचं ते ठरतं.

पाचवी पायरी: लग्न आणि वारसा

१८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७०मध्ये लागू झाली आणि तिच्यातला कुटुंबाचा भाग अजून चालू आहे. नव्या माणसाला तो दोन ठिकाणी भेटतो. गोमंतकीय जोडप्याकडून घर घेत असाल तर दोघांच्याही सह्या लागतात, दस्त एकट्याच्या नावावर दिसत असला तरी. संपत्तीत पती-पत्नीचा अर्धा-अर्धा वाटा धरतात; त्या अर्ध्याला वकील 'मॉयटी' म्हणतात. 'बायको मुंबईला असते, तिची सही नंतर घेऊ' असं कुणी म्हणालं तर इसाराची रक्कमही नंतरच द्या.

लग्नाची नोंदणी इथे दोन टप्प्यांत होते: पहिल्यांदा सिव्हिल रजिस्ट्रारसमोर इरादा जाहीर करायचा, मुदत गेल्यावर पुन्हा जाऊन लग्न पक्कं करायचं. लोक याला सरळ 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' म्हणतात. पहिली सही झालेलं जोडपं कायद्याने अजून लग्न झालेलं नसतं. नोकरीच्या कागदांवर वैवाहिक स्थिती भरणाऱ्या एचआरवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

माणूस गेल्यावर वारसांमध्ये तंटा नसेल तर 'डीड ऑफ सक्सेशन' होतं, आणि वाटणी करायची झाली तर कोर्टात 'इन्व्हेंटरी' चालते. २०१२च्या कायद्याने या सगळ्याला नवी चौकट दिली.

एकच शब्द, दोन खाती

हीच इन्व्हेंटरी हॉटेलच्या स्टोअरमध्ये चादरी, ग्लास आणि साबणाची मोजदाद असते, आणि बुकिंगच्या टेबलावर विकायला शिल्लक असलेल्या खोल्या असते. 'आमच्या घराची इन्व्हेंटरी चालू आहे' असं सहकारी म्हणाला तर त्याच्या घरी कुणीतरी वारलेलं असतं. अभिनंदन करू नका.

असे शब्द वेगळे लिहून ठेवावेत. 'पायलट' विमानतळावर विमान चालवतो. पणजीच्या बसस्टँडवर पिवळा मडगार्ड लावलेली दुचाकी चालवतो आणि तुम्हाला मागे बसवून नेतो. 'डिस्चार्ज' इस्पितळात घरी पाठवणी, फौजदारी कोर्टात खटला उभा राहण्याआधीच आरोपीची सुटका, प्रदूषण मंडळाच्या नोटिशीत गटारात सोडलेलं पाणी. 'बेड' रुग्णालयात खाट, किनाऱ्यावर शॅकसमोरची भाड्याची लांब खुर्ची. 'निगेटिव्ह' दवाखान्यात बहुतेकदा आनंदाची बातमी.

दवाखान्यात

वर्तमानपत्रात 'गोमेकॉ' दिसलं तर ते बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. त्याची मुळं १८४२ला पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत आहेत. म्हापशाच्या सरकारी इस्पितळाला जुने लोक 'आझिलो' आणि मडगावच्या इस्पितळाला 'ऑस्पिसियो' म्हणतात. रिक्षावाल्याला हीच नावं चटकन कळतात.

चिठ्ठीवरची अक्षरं सगळीकडे सारखी: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. शेवटचं नीट बघा. वेदनाशामक गोळ्या नियमित घेत राहणारे लोक बरेचदा हेच वाचायचं चुकलेले असतात. डॉक्टर 'स्टेबल' म्हणाले तर धोका टळला असा अर्थ होत नाही. आत्ता बिघडत नाहीये, एवढाच होतो. तेव्हा पुढचा प्रश्न लगेच विचारा: 'पुढची तपासणी कधी, आणि त्याआधी काय दिसलं तर लगेच आणायचं?'

तुम्ही स्वतः परिचारिका, फार्मासिस्ट किंवा तंत्रज्ञ म्हणून आला असाल तर उलट्या बाजूनेही तयारी लागेल. वयस्क रुग्ण 'म्हाका जोर आयला' म्हणतो, त्याला ताप आलेला असतो. अंगात जोर आल्याची ती बातमी नव्हे. 'तकली घुंवता' म्हणजे चक्कर येते. 'ओंकारे येतात' म्हणजे उलट्या होताहेत. केसपेपरवर लिहिताना रुग्णाचा शब्द ऐकून, तुमच्या शब्दात त्याला परत विचारून मगच लिहा.

बाजार, बांधकाम, हॉटेल: धावतं

मासळीत नावं बदलतात, मासा तोच. सुरमई इथे इसवण, कोळंबी इथे सुंगटं, मुशी इथे मोरी, माकूल इथे माणको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत 'रांपणीचं' म्हणून जे येतं ते किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्याचं. पाव आणणारा पोदेर, माडावर चढून सूर काढणारा रेंदेर, नारळ पाडणारा पाडेली. माडाची कामं असली तरी शेवटचे दोघे वेगळे. रेंदेराला नारळ पाडायला बोलावलंत तर तो हसेल.

बांधकामावर सुताराला 'मेस्त' म्हणतात. भिंत चिऱ्याची, आणि चिरे नगावर मोजतात. नगाचा भाव ठरवताना वाहतूक धरून की चिरेखाणीवरचा, हे आधी बोलून घ्या.

हॉटेलात पाहुणे म्हणजे 'पॅक्स', स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी 'केओटी', आणि एका वेळेला जितक्यांना जेवायला वाढलं तितके 'कव्हर'. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. तिला हॉटेलातले लोक 'सी फॉर्म' म्हणतात. घरातल्या दोन खोल्या भाड्याने देणाऱ्यालाही ते लागू आहे, आणि हे त्याला बहुधा पोलीस विचारायला आल्यावर कळतं. फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक ही त्याआधीची सौम्य धार, मार्च ते मे या दिवसांतली. पाहुण्याने 'साधी फेणी' मागितली म्हणून हुर्राक देऊ नका.

विचारायचं कसं

खिडकीवर कोकणीतले काही शब्द मराठी वेष घालून येतात. 'राव' म्हणजे थांब. 'मात्शें रावात' म्हटलं की बाजूला उभं राहायचं. 'नाका' म्हणजे नको. 'फाल्यां' म्हणजे उद्या, 'मागीर' म्हणजे नंतर. 'वावर' म्हणजे काम. विदर्भातल्या माणसाला तो शेताबद्दल बोलतोय असं वाटतं. 'जावचें ना' म्हटलं की मात्र वाद घालू नका, 'मग कोणाकडे होईल?' एवढंच विचारा. नकार बहुतेक वेळा कामाला नसतो, त्या खिडकीला असतो.

बोलताना नावापुढे 'बाब' किंवा 'बाय' लावलंत तर बोलणं लगेच मऊ होतं. न कळलं तर 'म्हाका समजलें ना, परतून सांगात' हे एक वाक्य पाठ करून ठेवा. ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवायची सवय लावून घ्या, ती सर्वांत कामाची:

'म्हणजे बाब, मी आधी तलाठ्याकडे जायचं, तिथून नकाशा घ्यायचा, आणि मग इथे अर्ज. बरोबर?'

'ना गे बाय. नकाशा तलाठ्याकडे ना. तो सर्व्हेच्या ऑफिसात.'

या दोन वाक्यांत एक फेरी वाचते. नुसती मान डोलावली असती तर ती पडलीच असती.

वहीत चार रकाने पाडा: ऐकलेला शब्द, कागद कोण देतं, त्याने काय ठरतं, पुढे कुठे लागतो. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो शब्द अजून कळलेला नाही असं समजा आणि त्यावर पैसे टाकू नका. घरी सरावासाठी गोव्यातल्या कोणत्याही मराठी दैनिकाच्या जाहीर नोटिशी वाचा. इन्व्हेंटरी, सक्सेशन, मुंडकार, सर्व्हे नंबर, चलता नंबर, सगळे तिथे खऱ्या वाक्यांत भेटतात, आणि कोण कुणाला कशासाठी बोलावतंय हेही कळतं. बातम्यांपेक्षा हे पान मला उजवं वाटतं.

फोनवर शब्द सांगून कागद मागवू नका. ज्याच्याकडे आधीच तो कागद आहे त्याच्याकडून वरच्या ओळींचा फोटो मागवा: खात्याचं नाव, नमुन्याचा क्रमांक आणि खालचा शिक्का. नाव, नंबर त्याने झाकले तरी चालतील. तो फोटो खिडकीत दाखवून 'असा हवा' म्हणा. बाकीचं कारकून स्वतः सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो.